माणिकरावांच्या गाडीतला लाल दिवा

कनेरगाव नाक्यावर शेषरावाचं पत्र्याचं शेड आणि माझं स्पेअर पार्टचं दुकान यांच्यामध्ये फक्त एक कडुनिंब आहे. मी पार्ट विकतो, तो बसवतो. बसवताना माझ्या मालाला नावं ठेवतो आणि वर माझाच चहा पितो. इतकी वर्षं हे चाललंय, की आता त्याने एखाद्या दिवशी नाव ठेवलं नाही तर मलाच चुकल्यासारखं वाटतं.

शेषराव वायरिंगवाला. ट्रॅक्टरचा सेल्फ, जीपचा डायनामो, ऑटोची लाईट, सगळं त्याच्याकडे. अंगाने काटकुळा, खिशात एक टेस्टर आणि एक फिलर. फिलर म्हणजे पोलादी पात्यांचा जुडगा, नखाएवढी पातळ पाती. प्लगच्या दोन टोकांमधली फट, म्हणजे गॅप, तिने मोजायची. त्या फटीतूनच ठिणगी उडी मारते आणि गाडी चालते. मी कोऱ्या डबीतून काढून दिलेला प्लगसुद्धा शेषराव पहिल्यांदा मोजणार, हलकेच ठोकणार, पुन्हा मोजणार.

"अरे, कंपनीनं मोजूनच दिलाय की तो," मी चिडायचो.

"कंपनी नाक्यावर येऊन गाडीचा आवाज ऐकून राहिली का?" तो म्हणायचा.

असा हा काटेकोर माणूस. पण दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारपासून तो कुणालाही मिळायचा नाही. बायको जनकाबाई, दशम्यांचं गाठोडं आणि पाण्याचा कॅन घेऊन गावातल्या लोकांबरोबर जीपने नागपूरला, दीक्षाभूमीवर. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून गेला होता, तेव्हापासून एकही साल चुकलेलं नाही. परत येताना माझ्यासाठी संत्री आणायचा. ती दरवर्षी आंबट निघायची आणि मी दरवर्षी तसं सांगायचो.

आता माणिकरावांचं सांगतो. नाक्यापासून जवळच त्यांचं गाव. हळदीची मोठी शेती, बोलणं तोडून टाकणारं, आणि अंगणात एक विलायती गाडी. दोन माणसांची, उघड्या टपाची, लाल रंगाची. त्यांच्या वडिलांनी ती हैदराबादच्या कुणा डॉक्टरकडून आणलेली. त्या काळी गाडी धुवायला आणि चालवायला शेषरावाचा बाप होता. बाप माणिकरावांना "मालक" म्हणायचा. शेषराव पहिल्या दिवसापासून "माणिकभाऊ" म्हणाला. माणिकरावांनी एकदा भुवया वर केल्या आणि मग ते नाव चालवून घेतलं. त्या गाडीला शेषरावाशिवाय दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपायचा नाही.

त्या घरात गाडीच्या पूजेची एक रीत होती. दसऱ्याला सकाळी गाडी धुवायची, झेंडूचा हार घालायचा, आणि दिवा लावायचा तो गाडीचाच. किल्ली अर्धी फिरवली की इंजिन सुरू न होता समोरच्या फळीवर एक लाल बल्ब लागतो, तो. घरच्या सुनेने किल्ली फिरवायची आणि आरती होऊन प्रसाद वाटेपर्यंत तो लाल दिवा लागलेला ठेवायचा. आशाबाई, म्हणजे माणिकरावांची बायको, नवी नवरी होऊन आल्या त्या सालापासून ते काम त्यांचं.

आता अशी किल्ली लावून ठेवणं गाडीला सोसत नाही. इंजिन बंद असताना कॉईलमधून, म्हणजे ठिणगीला जोर देणाऱ्या तारेच्या गुंडाळीतून, नुसता करंट वाहत राहतो आणि ती तापून जळते. शेषरावाच्या बापाच्या काळात एकदा जळलीही होती. तेव्हापासून बापाने एक युक्ती काढली. गाडीत ठिणगीची वेळ साधायला दोन छोटे पॉइंट असतात, ते एकमेकांना टेकतात आणि सुटतात. त्या दोघांच्या मध्ये लग्नपत्रिकेची एक जाड पट्टी सरकवून ठेवायची. मग किल्ली कितीही वेळ लावा, दिवा जळतो, कॉईल थंड राहते. बापामागे शेषराव दर नवमीला, नागपूरला निघण्याआधी, तिथे जाऊन पट्टी घालून यायचा. स्वतः पूजेला कधी थांबायचा नाही. "पूजा तुमची, कॉईल माझी," म्हणायचा. आरती झाली की माणिकराव स्वतः झाकण उघडून पट्टी काढायचे.

ज्या दसऱ्याचं सांगणार आहे, त्याच्या दीड वर्ष आधी आशाबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. बोलती, हसती, गावभर दरारा असलेली बाई खुर्चीत नुसती बसून राहू लागली. नांदेडचे डॉक्टर झाले, औंढ्याला नागनाथाला अभिषेक झाला, पण चेहरा काही हलेना. मग एका संध्याकाळी माणिकरावांनी त्यांना उचलून त्या गाडीत बसवलं आणि नाक्यापर्यंत फिरवून आणलं. वारा तोंडावर आला तशी बाई हसली. अर्धंच तोंड हसलं, पण हसली. माणिकराव माझ्या दुकानासमोर गाडी उभी करून रडले. इतका कडक माणूस रडताना बघून मी उगीच सुटे बोल्ट मोजत बसलो.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी फेरी. आशाबाईंना दिवसभरात तेवढीच एक गोष्ट उरली होती. चारच्या पुढे त्या फाटकाकडे बघायला लागायच्या.

पण गाडी म्हातारी. पॉइंट झिजायचे, गॅप सरकायचा, ठिणगी कमजोर व्हायची आणि गाडी रस्त्यातच आचके देऊन थांबायची. एकदा वाशीमच्या रस्त्यावर, चढावर, ती बंद पडली. मागून ट्रकवाले हॉर्न देऊन राहिले. आशाबाई भ्यायल्या आणि एका बाजूला कलंडल्या. त्यांना धरावं की गाडी ढकलावी हे माणिकरावांना कळेना. शेषराव कुठलंसं काम उरकून मोटारसायकलवर येत होता म्हणून बरं. तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"वैजनाथ, पॉइंट काढूनच टाकतो," तो म्हणाला. "आता नवं इलेक्ट्रॉनिक निघालं. टेकणं न्हाई, झिजणं न्हाई. बाईला रस्त्यात अडकवायचं न्हाई पुन्हा."

मी पुण्याहून त्या गाडीला चालेल असा सेट मागवला. काळं, काड्यापेटीएवढं यंत्र, सोबत नवी कॉईल. सामान यायला उशीर झाला आणि ते नेमकं नवमीच्या आदल्या संध्याकाळी हातात पडलं. नवमीला सकाळीच आम्ही दोघं माणिकरावांच्या अंगणात. शेषरावाने जुने पॉइंट काढून एका फडक्यात बांधले, त्या जागी नवं यंत्र बसवलं. नव्या कॉईलचा जोर जास्त, म्हणून चारही प्लगचा गॅप वाढवला. आधी फिलरची एक बारीक पाती लागायची, आता त्याहून जाड. प्रत्येक प्लग उन्हाकडे धरून, एक डोळा मिटून बघितला. किल्ली मारताच गाडी अशी बोलली की ओसरीवर आशाबाईंची मान वर झाली.

माणिकराव हरखले. "शेषराव, ही तर नवरीसारखी चालली रे!"

"आता निवांत फिरवा, माणिकभाऊ," शेषराव म्हणाला. वेशीवर नागपूरची जीप हॉर्न देत होती. जनकाबाई आधीच बसल्या होत्या. शेषराव हात पुसत पळाला.

दसऱ्याला सोनं द्यायला मी सकाळीच माणिकरावांकडे गेलो. पूजा मांडलेली होती. आशाबाईंना गाडीत बसवलं होतं, नवं हिरवं लुगडं नेसवून. मागच्या सालासारखी स्वतःच फिरवायची म्हणून माणिकराव किल्लीला हळद-कुंकू लावत होते, तेवढ्यात बाईंनी डावा हात पुढे केला. सगळे थांबले. हात कापत होता, अंगठा हळदीत बुडाला, पण त्यांनी किल्ली धरली आणि फिरवली. लाल दिवा लागला.

"स्वतः फिरवली!" माणिकराव ओरडले. "बघा रे, स्वतः फिरवली तिनं!"

झटका आल्यापासून आशाबाईंनी आपल्या हाताने केलेलं ते पहिलं काम. आरती नेहमीपेक्षा लांबली. गावातले लोक येत होते, माणिकराव प्रत्येकाला तेच सांगत होते, आणि दिवा जळत होता. पट्टीचा विषय कुणी काढला नाही. पॉइंटच नाहीत तर पट्टी कुठली?

त्याच संध्याकाळी फेरीला निघालेली गाडी वाशीमच्या रस्त्यावर पुन्हा बंद पडली. या वेळी आचके दिले नाहीत, एकदम गप्प झाली. अंधार पडला. शेषरावाचा फोन नागपूरच्या गर्दीत लागेना. शेवटी ढाब्यावरच्या लोकांनी आशाबाईंना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून घरी पोचवलं. त्या वाटभर रडत होत्या, असं लोक सांगत होते.

शेषराव परत आला त्या दिवशी जीपमधून उतरल्या उतरल्या मी त्याला सांगितलं. संत्र्यांची पिशवी माझ्या काउंटरवर ठेवून तो तसाच निघाला. मी मागोमाग गेलो.

गाडी अंगणात ओढून आणलेली होती. शेषरावाने झाकण उघडलं. काळं यंत्र एका बाजूने वितळून फुगलं होतं, करपल्याचा वास येत होता. तो बराच वेळ वाकून बघत राहिला. मग त्याने किल्लीकडे बघितलं. किल्लीवर हळद वाळलेली होती. मग त्याने ओसरीकडे बघितलं. खुर्चीत आशाबाई बसल्या होत्या, डाव्या अंगठ्याच्या नखात अजून पिवळं होतं, आणि त्या त्याच्याकडेच बघत होत्या. ती नजर मला सोसवेना.

शेषराव सरळ उभा राहिला. "मीच चुकलो, माणिकभाऊ," तो म्हणाला. "माझंच काम चुकलं."

माणिकराव असे कडाडले की शेजारचे लोक दारात आले. "चुकलो म्हणतो! तिला रस्त्यात मरायला सोडलं तू! नागपूरची घाई लागली होती ना तुला? जीप वाजून राहिली, तिकडं ध्यान, अन् इकडं काम कसंबी उरकून पळाला! तुझा बाप असं कधी करत नव्हता, शेष्या!"

शेष्या! साठीच्या माणसाला, जनलोकांत! शेषरावाचे कान लाल झाले. त्याच्या बापाला, त्याच्या नागपूरला, सगळ्यालाच हात घातला होता. मी तोंड उघडणार, तोच त्याने माझ्या दंडाला धरलं. फडक्यातले जुने पॉइंट मागून घेतले, जुनी कॉईल जोडली, चारही प्लगचे गॅप पुन्हा पहिल्यासारखे बारीक केले. पाती घालून दोनदा मोजले. गाडी सुरू झाली.

"झालं असंल तर जा," माणिकराव म्हणाले. "पुन्हा ह्या गाडीला हात लावू नको."

परतताना मी रस्ताभर तडतडत होतो. "किल्ली लावून ठेवली म्हणून सकाळीच भाजलं होतं ते, संध्याकाळी पुरतं जळलं! तोंडावर सांगायचं होतं! तुझ्या नागपूरचा काय संबंध?"

"सांगून काय होणार?" शेषराव म्हणाला. "किल्ली कुणी फिरवली, तूच बघितलं ना? ती बाई दीड साल खुर्चीत बसून राहिली. एक काम स्वतःच्या हातानं केलं, अन् तेच मी म्हणू, की तुमच्या हातानं गाडी जळली? मग ती हात पुढं करंल का पुन्हा?" जरा वेळाने म्हणाला, "अन् चूक माझीच हाय. पॉइंट काढले तवा पट्टीची जागा गेली, हे माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं. इतकी वर्षं पट्टी घातली मी. नव्या मशिनीला किल्ली सोसत न्हाई, एवढं बोलून जायचं होतं."

त्या रात्री त्याने आणलेली संत्री मी खाल्ली. गोड निघाली, आणि मला त्याचाही राग आला.

पुढचे महिने वाईट गेले. नाक्यावर गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. शेषरावाचा हात गेला, आता त्याच्याकडून काम होत नाही, असं लोक बोलू लागले. ट्रॅक्टरवाले परस्पर हिंगोलीला जाऊ लागले. शेडमध्ये शेषराव एकटा बसायचा आणि एकच प्लग पुन्हा पुन्हा मोजायचा. मी म्हटलं, "अरे, तो मघाशीच बरोबर होता," तरी फिलर खाली ठेवायचा नाही. त्याचा स्वतःवरचाच भरवसा उडाला होता. जनकाबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊ, हे जेवताना मधेच हात थांबवतेत. काय इचारलं तर सांगत न्हाईत." मी त्यांना तरी काय सांगणार? किल्लीचं कुणाला न सांगण्याचा शब्द त्याने माझ्याकडून घेतला होता.

संध्याकाळी लाल गाडी नाक्यावरून जायची. माणिकराव मान सरळ ठेवून पुढे बघायचे. पण आशाबाई शेडसमोर आल्या की डावा हात जरासा वर करायच्या. शेषराव उठून उभा राहायचा आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत आवाज ऐकायचा.

"तिसरा प्लग मिस मारून राहिला, ठिणगी चुकते," एकदा म्हणाला. "गॅप वाढला असंल." दुसऱ्या दिवशी चार प्लग मोजून, कागदात गुंडाळून माझ्यापुढे ठेवले. "तू नेऊन दे. दुकानातून आले म्हण."

मी नेऊन दिले. माणिकरावांनी कागद उलगडला, एक प्लग बोटांत फिरवून बघितला, आणि खिशात टाकला. मला चहासुद्धा विचारला नाही. मी मनातल्या मनात त्यांना इतक्या शिव्या दिल्या की मोटारसायकलला किक मारायची विसरलो.

माघात आशाबाई गेल्या. झोपेतच. आदल्या संध्याकाळची फेरी झाली होती. अंत्ययात्रेला शेषराव आला आणि सगळ्यांच्या मागे, बाभळीखाली उभा राहिला. माणिकरावांची आणि त्याची एकदा नजरानजर झाली, तेवढीच.

मग पुष्कळ दिवस गाडी दिसली नाही. उन्हं तापली, हळद शिजवण्याचे दिवस आले. एका दुपारी आचके देत, फटफट करत ती लाल गाडी आली आणि शेषरावाच्या शेडसमोर थांबली. शेजारची सीट रिकामी. माणिकराव उतरले नाहीत. स्टिअरिंग धरून बसून राहिले. शेषराव बाहेर आला, मी काउंटर ओलांडून बाहेर आलो. आता भांडण झालं तर मी ऐकणार नव्हतो.

"शेषराव," माणिकराव म्हणाले, "ते नवं मशीन बसवून दे आता. किल्ली लावून ठेवणारं घरात कुणी राह्यलं न्हाई."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा डोकंच फिरलं. "म्हणजे तुमाला माहीत होतं?" मी ओरडलो. "सगळं माहीत होतं, अन् ह्या माणसाला गावासमोर झोडपलं? काहून?"

"मला माहीत नसंल तर कुणाला?" माणिकराव म्हणाले. "दर साली पट्टी मीच काढत होतो. त्या दिवशी झाकण उघडलं, पट्टी दिसली न्हाई, वाटलं नव्याला लागत नसंल. गाडी बंद पडली तवा उमगलं. तिलाबी उमगलं होतं. रस्त्यात, अंधारात, ती रडून राहिली अन् बोटानं किल्ली दाखवून राहिली. किल्ली अन् स्वतःची छाती. किल्ली अन् छाती." त्यांनी तसंच बोट किल्लीला लावलं. "घरी आणलं तरी तेच. जेवेना. तू आला तवा ती ओसरीवर ऐकत होती. मी तुला जितकं मोठ्यानं बोललो, तितकं तिला पटलं का तिच्या हातानं झालं न्हाई. त्या रात्री जेवली ती."

कडुनिंबाची पानं गाडीत पडत होती. मी ती उगीच वेचू लागलो. शेषराव मात्र पुढे आला आणि गाडीच्या दारावर हात ठेवून म्हणाला, "बाईसाठी बोलले, ते समजलं. दुसरं काहीबी बोलायचं होतं, माणिकभाऊ. हात गेला म्हणायचं, दारू पितो म्हणायचं. नागपूर काहून काढलं?"

माणिकरावांनी मान खाली घातली. "तेच तोंडाला आलं," ते म्हणाले.

"ते लागलं मला. अजून लागून राहिलं."

"लागणारच." त्यांनी मान वर केली नाही. "बापाचंबी बोललो. ते मला फेडता येणार न्हाई, शेषराव."

शेषरावाने दारावरचा हात काढला. पुढे जाऊन गाडीचं तोंड उघडलं. माझं डोकं अजून ठणकत होतं. एका म्हातारीच्या घासासाठी दोन माणसांनी आपापलं ओझं एकमेकांना न सांगता वाहिलं, त्यातलं जड कुणाचं होतं ते मला दिसत होतं, आणि माणिकरावांना मी आजही पुरतं माफ केलेलं नाही.

"नवं नको," शेषराव वाकूनच म्हणाला. "पॉइंटच राहू द्या. घासून देतो."

त्याने डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे पॉइंटवरचं, झाकण काढलं. तेवढ्यात माणिकरावांनी किल्ली अर्धी फिरवली. गाडी सुरू करायची नव्हती त्यांना. लाल दिवा लागला आणि ते त्याच्याकडे बघत बसले, एक हात शेजारच्या सीटवर.

उघड्या पॉइंटवर किल्ली लावलेली शेषरावाला कधी चालायची नाही. एरवी तो अख्ख्या नाक्याला ऐकू जाईल असं ओरडला असता. मी म्हटलं, "किल्ली बंद करायला सांगू का त्यांना?"

शेषरावाने नकाराची मान हलवली. माझ्या काउंटरवर कुणाची तरी लग्नपत्रिका पडली होती, ती मागून घेतली. तिची एक पट्टी फाडली, बोटांनी सपाट केली, आणि दोन्ही पॉइंटच्या मध्ये हळूच सरकवली.

"असू दे," तो म्हणाला. "बसू दे त्याला."